कपाटातला जुना फोन पुन्हा कामाला लावायचा का? आधी हे वाचा

रमजानच्या आधी घराची साफसफाई निघाली की कपाटाच्या खणातून दोन-तीन जुने मोबाइल हमखास बाहेर येतात. एक अब्बांचा, एक दादाने सौदीहून आणलेला, एक अम्मीचा, ज्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालेना म्हणून बाजूला ठेवलेला. चार्जरला लावला तर फोन सुरू होतो. स्क्रीन चांगली, आवाज चांगला, कॅमेराही ठीक. मग हा फोन 'मेला' असं आपण का म्हणतो?

बारामती आणि इंदापूर परिसरातल्या अनेक घरांतून आम्हाला हाच प्रश्न विचारला जातो. मुलीला अभ्यासाला फोन हवाय, नव्या फोनला दहा-बारा हजार रुपये घालवायचे की जुन्यालाच नवं सॉफ्टवेअर टाकून घ्यायचं? दुकानात कुणी सांगतं 'होऊन जाईल', कुणी म्हणतं 'फेकून द्या'. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. काही फोन खरोखर आणखी तीन-चार वर्षं चालू शकतात. काहींवर पैसे आणि वेळ घालवण्यात अर्थ नाही. फरक कसा ओळखायचा, काम कसं होतं आणि त्यात धोका कुठे आहे, ते इथे सांगत आहोत.

फोन ठीक असताना बंद का पडतो?

अँड्रॉइड ही गुगलची प्रणाली. दरवर्षी तिची नवी आवृत्ती येते. पण ती थेट आपल्या फोनमध्ये येत नाही. आधी चिप बनवणारी कंपनी, म्हणजे क्वालकॉम किंवा मीडियाटेक, त्या आवृत्तीसाठी आपला भाग तयार करून देते. मग फोनची कंपनी तो आपल्या मॉडेलमध्ये बसवते. या साखळीतल्या एकीनेही हात वर केले की फोन आहे त्या आवृत्तीवर अडकतो. स्वस्त फोनच्या बाबतीत हे दीड-दोन वर्षांतच व्हायचं.

इकडे अ‍ॅपवाले मात्र पुढे जात राहतात. व्हॉट्सअ‍ॅपने २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५.० च्या खालच्या फोनला पाठिंबा देणं थांबवलं. गुगलने त्याआधीच, २७ सप्टेंबर २०२१ पासून, अँड्रॉइड २.३.७ आणि त्याहून जुन्या फोनवर गुगल खात्यात लॉगिन करणं बंद केलं होतं.

वेबसाइटचंही तसंच. ब्राउझर कुठल्या वेबसाइटवर विश्वास ठेवायचा हे फोनमध्ये साठवलेल्या प्रमाणपत्रांच्या यादीवरून ठरवतो. जगातल्या असंख्य वेबसाइट ज्या मोफत संस्थेची प्रमाणपत्रं वापरतात, त्या लेट्स एन्क्रिप्टचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये नाहीच. म्हणून जुन्या फोनवर साधी बातमी उघडली तरी 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. लोकांना वाटतं नेटवर्क खराब आहे. खराब काहीच नसतं, यादी जुनी असते.

सरकारी कामंसुद्धा आता फोनवर आली. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज 'नारीशक्ती दूत' अ‍ॅपवर भरायचे होते. हजच्या यात्रेकरूंसाठी मार्च २०२४ मध्ये 'हज सुविधा' अ‍ॅप आलं. शिष्यवृत्ती, आधार, बँक, सगळीकडे तेच. अ‍ॅप उतरलंच नाही की बाई दुसऱ्याच्या फोनवर अर्ज भरते, ओटीपी दुसऱ्याला सांगते. जुन्या फोनची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

हे 'अनधिकृत' सॉफ्टवेअर कोण बनवतं?

अँड्रॉइडचा मूळ कोड गुगल सर्वांसाठी खुला ठेवते. त्याखाली चालणारा लिनक्स कर्नल अशा परवान्याखाली आहे की फोन विकणाऱ्या कंपनीने आपल्या फोनच्या कर्नलचा कोडही मागणाऱ्याला द्यायला हवा. हे दोन्ही हाती आले की हुशार पोरं स्वतःच नवी आवृत्ती तयार करून जुन्या फोनवर बसवतात. अशा तयार पॅकेजला 'कस्टम रॉम' म्हणतात. आपल्याकडचे दुकानदार नुसतं 'रॉम' म्हणतात आणि ते टाकण्याला 'फ्लॅश मारणं'.

यातलं सर्वांत मोठं नाव सायनोजेनमॉड. हे काम २००९ मध्ये सुरू झालं. पुढे त्याचीच कंपनी झाली आणि तिची प्रणाली भारतात दुकानातूनही आली: मायक्रोमॅक्सच्या यू ब्रँडचा 'युरेका' फोन जानेवारी २०१५ मध्ये हीच प्रणाली घेऊन विकला गेला. आपल्यातल्या काहींनी तो वापरलाही असेल. २०१६ च्या डिसेंबरअखेर त्या कंपनीने गाशा गुंडाळला. पण काम करणारे स्वयंसेवक थांबले नाहीत. त्यांनी त्याच कोडवर 'लिनेजओएस' उभं केलं आणि ते आजही सुरू आहे, मोफत आहे.

म्हणजे 'अनधिकृत' याचा अर्थ चोरीचा माल असा नाही. फोन कंपनीने दिलेलं नाही, एवढाच अर्थ. अर्थात यातही दोन प्रकार आहेत. लिनेजओएसच्या स्वतःच्या यादीत असलेले फोन, ज्यांच्यासाठी ठरलेला माणूस जबाबदारी घेतो आणि नियमित अपडेट येतात. आणि कुणी एकट्याने घरी बसून बनवलेलं पॅकेज, जे आज आहे, उद्या तो कॉलेज संपवून नोकरीला लागला की बंद. पहिला प्रकार मिळत असेल तर दुसऱ्याकडे जाऊ नका.

कुठला फोन चालेल, कुठला नाही?

इथेच बहुतेक लोक फसतात. अँड्रॉइडचं रॉम कुठल्याही फोनवर चालत नाही. प्रत्येक मॉडेलसाठी ते वेगळं बनवावं लागतं. मॉडेल म्हणजे डब्यावरचं नाव नव्हे, आतलं सांकेतिक नाव. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, रेडमी नोट ४. जानेवारी २०१७ मध्ये भारतात आला, घराघरात पोहोचला. कंपनीने तो अँड्रॉइड ७ वर सोडून दिला. पण आत स्नॅपड्रॅगन ६२५ चिप आहे आणि सांकेतिक नाव 'मिडो'. या मिडोसाठी स्वयंसेवकांनी अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्याही आवृत्त्या बनवल्या. तीन किंवा चार जीबी रॅमवाला असेल तर हा फोन अजून कामाचा आहे. मात्र चीनमध्ये याच नावाचा मीडियाटेक चिपवाला फोन विकला गेला, त्याचं सांकेतिक नाव 'निकेल'. एकाचं रॉम दुसऱ्यावर मारलं तर फोन बंद पडू शकतो.

दुसरं, सॅमसंग गॅलेक्सी एस५. भारतात सुरुवातीला विकला गेलेला जी९००एच, आत सॅमसंगची एक्सिनॉस चिप. आखातात आणि युरोपात मिळणारा जी९००एफ, आत क्वालकॉमची चिप. बाहेरून दोन्ही सारखेच. लिनेजओएसची नवी आवृत्ती जी९००एफवर उत्तम चालते, जी९००एचवर तिचा उपयोग नाही. घरात कुणी दुबई-सौदीहून आणलेला फोन असेल तर बॅटरीखालचा किंवा सेटिंगमधला पूर्ण मॉडेल नंबर नक्की पाहा.

तिसरं, पहिला मोटो जी. फेब्रुवारी २०१४ मध्ये भारतात आला. त्यावर लिनेजओएसची अँड्रॉइड ७.१ ची आवृत्ती बसते आणि व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा उघडतं. पण हा फोन ३जी. जिओच्या नेटवर्कवर सुरुवातीपासूनच ३जी नाही, एअरटेलने ३जी केव्हाच बंद केलं. जगातलं कुठलंही रॉम ३जी फोनला ४जी करू शकत नाही, कारण ते काम आतल्या चिपचं. असा फोन घरच्या वाय-फायवर ठीक, बाहेर नेला की फक्त साधे २जी कॉल.

विवो आणि ओप्पोच्या बहुतेक फोनमध्ये कंपनी कुलूपच उघडू देत नाही. हुआवेने २०१८ मध्ये कुलूप उघडण्याचे कोड देणं बंद केलं. लहान देशी ब्रँडच्या मीडियाटेक फोनचा कोडच कंपन्यांनी नीट दिला नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी रॉम क्वचितच मिळतं.

आमचा साधा ठोकताळा असा आहे: फोन ४जी हवा, रॅम किमान दोन जीबी हवी, बॅटरी फुगलेली नको आणि लिनेजओएसच्या यादीत त्याचं सांकेतिक नाव हवं. चारपैकी एकही कमी असेल तर खर्च करण्याआधी थांबून विचार करा. बॅटरी फुगली असेल, मागचं झाकण उचललं जात असेल, तर तो फोन चार्जरला लावूच नका. आधी बॅटरी बदला. आणि एक जीबी रॅमच्या फोनवर सर्वांत नवी आवृत्ती टाकण्याचा मोह टाळा. अँड्रॉइड ७ वर तो हळू का होईना चालेल, ११ वर तो रडत बसेल.

काम प्रत्यक्षात कसं होतं?

हे काम घरी करणारी मुलं आहेत आणि दुकानात करून देणारेही आहेत. कुणीही करो, क्रम हाच असतो.

आधी फोनमधलं सगळं बाहेर काढायचं. फोटो, नंबर, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, व्हॉइस मेसेज. पुढच्या पायरीत फोन पूर्ण पुसला जातो आणि पुसलेलं परत येत नाही. मरहूम आजीचा आवाज असलेले दोन व्हॉइस मेसेज असे कायमचे गेल्याचं आम्ही एका घरात पाहिलं आहे. म्हणून बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. फोनमधलं गुगल खातंही आधी काढून टाका, नाहीतर पुसल्यावर फोन जुना पासवर्ड मागत बसेल, आणि तो कुणाला आठवत नसतो.

मग बूटलोडर उघडायचा. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा पहारेकरी. तो कंपनीच्या सहीशिवाय दुसऱ्या प्रणालीला आत येऊ देत नाही. शाओमीत त्यासाठी कंपनीच्या खात्यात नोंद करून बहुधा सात दिवस थांबावं लागतं. मोटोरोला आपल्या वेबसाइटवरून कोड देते. सॅमसंगमध्ये सेटिंगमधून परवानगी देऊन 'डाउनलोड मोड'मध्ये जावं लागतं. सॅमसंगमध्ये हे केल्यावर नॉक्स नावाचा आतला फ्यूज कायमचा उडतो. नंतर जुनी प्रणाली परत टाकली तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी मिळत नाहीत.

त्यानंतर फोनच्या छोट्या दुरुस्ती-खोलीत, म्हणजे रिकव्हरीत, नवी रिकव्हरी बसवतात. तिच्यातून जुनी प्रणाली पुसून नवं रॉम टाकतात. गुगलचं प्ले स्टोअर रॉममध्ये नसतं, ते वेगळं पॅकेज असतं. ते फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधीच, रॉमच्या पाठोपाठ टाकायचं. हे विसरलं तर नंतर पुन्हा पुसावं लागतं. पहिल्यांदा सुरू व्हायला फोन दहा-पंधरा मिनिटं घेऊ शकतो. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका.

दोन गोष्टी आमच्या अनुभवातून. फोनची बॅटरी साठ टक्क्यांच्या वर असल्याशिवाय हात लावू नका. आणि डेस्कटॉप कॉम्प्युटरवर काम करत असाल तर वीज जाण्याची वेळ टाळा. रॉम टाकताना मध्येच वीज जाऊन कॉम्प्युटर बंद पडला आणि आमचा एक फोन अर्ध्यात अडकला. तो परत जिवंत करायला अख्खा दिवस गेला. लॅपटॉप असेल तर हा प्रश्न येत नाही.

उतरवलेल्या फाइलचा तपासणी-आकडा मूळ वेबसाइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवून पाहा. जुळला नाही तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा कुणी तिच्यात हात घातला आहे. दोन्ही वेळी ती टाकू नका.

दुकानदाराला काय विचाराल?

आपल्या समाजातली कित्येक मुलं मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात आहेत आणि चांगलं काम करतात. बारामती-इंदापूरच काय, भिगवण, वालचंदनगर, निमगाव केतकीतही असं दुकान मिळेल. फोन देताना चार प्रश्न मोकळेपणाने विचारा. कुठलं रॉम टाकणार, लिनेजओएसच्या यादीतलं की कुणा एकट्याचं? टाकल्यावर ४जीवर कॉल लागेल का? बोटाचा ठसा आणि कॅमेरा चालेल का? फोन बंद पडला तर जबाबदारी कुणाची?

कॉलचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जिओवर कॉल इंटरनेटच्याच वाटेने जातो आणि ती सोय कंपनीच्या बंद कोडवर अवलंबून असते. काही रॉममध्ये ती चालत नाही. नेट चालतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण साधा कॉल लागत नाही. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच सिम टाकून एक कॉल करून पाहा.

देण्याआधी *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय लिहून ठेवा आणि परत आल्यावर जुळवा. चुकीच्या कामात तो पुसला जाऊ शकतो. कुणी 'दुसरा टाकून देतो' म्हणालं तर साफ नकार द्या. आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुना फोन विकत घेत असाल तर केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत, मग जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर ते कळतं.

बँकेचं काम या फोनवर नको

ही गोष्ट कुणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून ठळक सांगतो. बूटलोडर उघडा असलेला फोन गुगलच्या तपासणीत 'विश्वासाचा नाही' असा दिसतो. बँकेची आणि पैसे पाठवण्याची अनेक अ‍ॅप अशा फोनवर उघडत नाहीत, किंवा आज उघडतात आणि उद्या अपडेट आलं की बंद होतात. चेहरा ओळखणारी सरकारी अ‍ॅपही अडू शकतात. त्यावर उपाय म्हणून फोन 'रूट' करून तपासणीला चकवायचे मार्ग लोक सांगतात. त्या वाटेला जाऊ नका. आपल्याच तिजोरीचं कुलूप मोडून ती उघडी ठेवण्यासारखं आहे ते.

दुसरंही कारण आहे. नवं रॉम अँड्रॉइडमधली जुनी भोकं बुजवतं, पण मोडेम आणि चिपचं आतलं सॉफ्टवेअर जुनंच राहतं. शिवाय फोन चोरीला गेला तर उघड्या बूटलोडरमुळे चोराचं काम सोपं होतं. म्हणून घरखर्चाचं खातं, पगाराचं खातं, ओटीपी येणारं सिम यातलं काहीही या फोनमध्ये नको.

आणि एपीके फाइल कुणीही पाठवली तरी टाकायची नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने, सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अशा फाइलींनी देशभर लोकांची खाती रिकामी केली आहेत. ओळखीच्या नंबरवरून आली तरी नाही, कारण त्याचाच फोन आधी ताब्यात घेतलेला असू शकतो.

मग हा फोन कशाला?

मुलांच्या अभ्यासाला. दीक्षा अ‍ॅप, यूट्यूबवरचे तास, शब्दकोश. मुलाच्या हातात बँक आणि सिम नसलेला फोन असणं पालकांच्याही सोयीचं. स्वयंपाकघरात सेहरीच्या अलार्मला. वयस्कर माणसाला मोठ्या अक्षरात कुराण वाचायला, तिलावत ऐकायला. नेट नसतानाही चालणारी अशी अ‍ॅप भरपूर आहेत.

नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारी अ‍ॅप टाकताना मात्र एक आठवण ठेवा. नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झालं की जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलेलं 'मुस्लिम प्रो' हे अ‍ॅप लोकांचं ठिकाण एका दलाल कंपनीला देत होतं आणि तिथून ती माहिती अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोहोचत होती. बोभाटा झाल्यावर अ‍ॅपने त्या कंपनीशी संबंध तोडले. नमाजच्या वेळेसाठी आपण कुठे उभे आहोत हे अ‍ॅपला क्षणोक्षणी कळायची गरज नसते. शहराचं नाव हाताने निवडा, ठिकाणाची परवानगी बंद ठेवा. बारामतीची वेळ आणि इंदापूरची वेळ यात एक-दोन मिनिटांचाच फरक पडतो.

किब्ल्याची सुई फोनमधल्या चुंबकीय सेन्सरवर चालते. स्वस्त फोनमध्ये तो नसतोच, आणि रॉम बदलल्यावर असलेलाही बिघडू शकतो. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेपासून साधारण ११-१२ अंश उत्तरेकडे आहे. फोनची सुई याहून फारच वेगळी दिशा दाखवत असेल तर सुई चुकीची समजा आणि मशिदीच्या मेहराबवर भरवसा ठेवा.

देण्याआधी, टाकण्याआधी

फोन कामाचा नसेल तर तो भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, कचऱ्यात तर नाहीच. बॅटरी कचऱ्यात दबली की पेट घेते. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. आणि देण्याआधी आतलं सगळं पुसा. घरातल्या बायका-मुलींचे फोटो, आधारची छायाचित्रं, कुणाचे खासगी निरोप, ही सगळी अमानत आहे. मदरशातल्या विद्यार्थ्याला किंवा नात्यातल्या गरजूला फोन देतानाही हेच.

चालणारी वस्तू फेकून देणं इसराफ आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. पण ज्या फोनवर आधीच दोन बॅटऱ्या आणि एक स्क्रीन बदलून झाली, त्याच्यावर आणखी हजार-दीड हजार खर्च करणं हाही इसराफच. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून चार गोष्टी पाहा: ४जी आहे का, रॅम किती, बॅटरी कशी, यादीत नाव आहे का. चारही जुळल्या तर फोन पुसा, रॉम टाका, मुलीच्या हातात द्या. नाही जुळल्या तर तेच पैसे नव्या फोनसाठी बाजूला ठेवा.